नववीच्या नॅपलान गणित चाचणीबाबत सूचना

सर्व पालक सभासदांस कळविण्यात येते की, ऑस्ट्रेलियातील इयत्ता नववीची नॅपलान (वाचन, लेखन, भाषा व गणित यांची देशभर घेतली जाणारी शालेय चाचणी) मधील गणित चाचणी मार्च महिन्यात शाळेतच संगणकावर घेतली जाईल. चाचणी 65 मिनिटांची असून सुरुवातीच्या भागात कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. तो भाग संपवून पुढे गेल्यावर मागे परतता येत नसल्याने, ‘पुढे’ हे बटण दाबण्यापूर्वी सुटलेली उत्तरे पाहून घेण्याची सवय मुलांना आधीच लावावी. दिलेल्या उत्तरांनुसार पुढील प्रश्नसंच सोपा किंवा अवघड होत जातो, त्यामुळे प्रश्न कठीण वाटू लागले म्हणजे आपले चुकलेच, असे मुलांनी समजू नये.

कच्च्या कामासाठी कागद वापरण्यास मुभा असते. मात्र पडद्यासमोर बसल्यावर पेन्सिल हातात घेण्याचा मुलांना कंटाळा येतो आणि −3 − (−5) यासारख्या साध्या वजाबाकीत 2 ऐवजी −8 लिहिले जाते, हे आम्ही घरीच पाहिले आहे. अधिकृत संकेतस्थळावरील सराव चाचणी एकदोनदा सोडवून घ्यावी. त्यासाठी वेगळी शिकवणी लावण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. संगणकाविषयीच्या शंका वर्गशिक्षकांना विचाराव्यात.