बाबांच्या फाईलबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "तू डॉक्टर नाहीस, मग डॉक्टरांना काय शिकवतेस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

शिकवत नाही मी त्यांना काही. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या ओपीडीतले कागद आमच्या टीमकडं येतात. पेशंट आला, तपासून घरी गेला, तेवढ्यात डॉक्टरांनी जे टिपलं ते. ते पुरेसं आणि खरं लिहिलं जावं, हे माझं काम. तुम्ही कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. गाडीत ऊस किती हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसायचं, पण बिल निघायचं ते तुमच्या पावतीवर. इथंही डॉक्टरांच्या डोक्यात सगळं असतं, पण कागदावर येतं नुसतं 'डायबेटिस'. त्याला कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला क्रमांक, लागतो ई११.९, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह. प्रत्यक्षात त्या माणसाची किडनी मधुमेहानं बिघडलेली असते. तसं लिहिलं असतं तर ई११.२२ लागला असता, आणि आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा आणखी एक कोड. तिकडं ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ॲडव्हांटेज नावाचा विमा असतो, त्यात विमा कंपनीला सरकारकडून पुढच्या वर्षी किती रक्कम मिळणार, हे यंदा नोंदलेल्या आजारांवर ठरतं. दर जानेवारीला हिशेब नव्यानं सुरू. पाय कापलेला आहे, हेसुद्धा दरवर्षी पुन्हा लिहावं लागतं.

पैसा आला की नसलेला आजार लिहायचा मोहही येतो. म्हणून अपुऱ्या कागदाबद्दल प्रश्न विचारण्याचे नियम कडक आहेत, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. डॉक्टरांना 'हे लिहा' म्हणायचं नाही. रिपोर्ट समोर ठेवून विचारायचं, तुमच्या मते याचा अर्थ काय? पैशाचा उल्लेख करायचा नाही. ओपीडीत 'संशय आहे' किंवा 'असावं' एवढंच लिहिलेल्या आजाराला कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा. नवा क्लायंट आला की पहिल्याच मीटिंगला मी हे सांगते, त्यांना आवडो न आवडो.

आता पत्राचं खरं कारण. दिवाळीत तुमची फाईल चाळली. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, आधी ५२, चार महिन्यांनी ४९. तीन महिन्यांहून जास्त काळ तो ६० च्या खाली राहिला, तर किडनीचा जुनाट आजार धरतात. शुगरच्या डॉक्टरांना ते नक्की माहीत असणार, पण केसपेपरवर फक्त 'डीएम, बीपी', म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. तोच कागद घेऊन तुम्ही गुडघ्यासाठी दुसरीकडं गेलात आणि दुखणं थांबवायची गोळी घेऊन आलात. त्या डॉक्टरांना कळणार कसं? यातल्या बऱ्याच गोळ्या अशा किडनीला घातक ठरतात. बाबा, आजच शुगरच्या डॉक्टरांना फोन करून ती चालू ठेवायची का ते विचारा. आणि पुढच्या खेपेला म्हणा, "माझ्या किडनीचं जे असेल ते कागदावर लिहून द्या, कुठल्या गोळ्या टाळायच्या तेही लिहा." यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरांना असा पेशंट आवडतो.

आई, सल्फाच्या गोळीनं तुझ्या अंगावर पुरळ उठतं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, पण कागदावर कुठंच नाही. रात्री-अपरात्री सीपीआर हॉस्पिटलला जायची वेळ आली आणि तुला बोलता येत नसलं तर? फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेव. आणि जुने रिपोर्ट रद्दीत घालू नकोस गं. आकडा खाली चाललाय की वर, हे मागचा रिपोर्ट असल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तारखेप्रमाणं लाव, नवा वर.

मी या रविवारी पहाटेच्या गाडीनं पोचते. डॉक्टरांची वेळ सोमवारची घ्या, मी बरोबर येईन. प्रश्न मात्र बाबा, तुम्हीच विचारायचा.

तुमची,
माधुरी