वर्षातून एकदाच लागणारा क्लास

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील एका पतसंस्थेत गेल्या 31 मार्चच्या संध्याकाळी वार्षिक व्याजाची आकारणी सुरू करताच प्रोग्राम थांबला आणि क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक स्वतंत्र भाग, सापडत नसल्याची सूचना पडद्यावर आली. मी त्या संस्थेचा खातेदार असून अनेक वर्षे जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत आलो असल्यामुळे मला बोलावणे आले. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जानेवारीत बसवली होती आणि त्यानंतर भरणा, उचल, पासबुकाची छपाई असे सारे सुरळीत चालले होते. त्यामुळे दोष त्या आवृत्तीत असेल हे कर्मचाऱ्यांना पटेना.

दोष मात्र तिथेच होता. व्याजाचे नियम ठेवीच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि अधूनमधून बदलतात. म्हणून प्रत्येक नियमाचा स्वतंत्र क्लास लिहायचा, त्याचे नाव सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा प्रोग्रामने ते नाव वाचून चालू स्थितीतच तो क्लास मेमरीत आणायचा, अशी तिथली रचना होती. रचना चांगलीच आहे, कारण नवा नियम आला तरी मुख्य प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. नव्या आवृत्तीत वार्षिक आकारणीचा क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये, म्हणजे क्लासच्या दुसऱ्या गटात, हलवला गेला आणि त्याचे पूर्ण नाव बदलले, पण फाइलमधले नाव जुनेच राहिले. लिहिलेला प्रोग्राम तपासून चालवण्याजोगा करणारा कंपायलर ती फाइल वाचत नाही, त्यामुळे त्याची हरकत येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि वार्षिक आकारणीचा क्लास वर्षातून एकदाच लागत असल्याने चूक तोवर कोणाच्या नजरेस पडली नाही.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकात बाहेरगावची नटी ऐन दिवशी येते आणि तालमीत तिचे संवाद दुसराच कोणीतरी वाचतो. भूमिका ठरलेली असते, संवाद ठरलेले असतात, म्हणून कोणीही आले तरी खेळ उभा राहतो. जावातला इंटरफेस म्हणजे हीच ठरलेली भूमिका होय. पण नटीला कळवलेला पत्ताच चुकीचा होता हे तिच्या प्रवेशाच्या वेळी कळून कसे चालेल? निदान नांदीपूर्वी ती रंगपटात आली आहे की नाही, एवढे तरी पाहायला हवे. प्रोग्रामच्या बाबतीत याचा अर्थ असा की, सेटिंग्जमध्ये नोंदलेला प्रत्येक क्लास प्रोग्राम सुरू होतानाच एकदा आणून पाहावा आणि एखादा मिळाला नाही, तर तिथेच स्पष्ट शब्दांत थांबावे. सुरुवातीला दोन-चार सेकंद जास्त लागतील, इतकेच. 2017 सालच्या जावा 9 पासून एखादी सेवा आपला कोणता क्लास पुरवतो हे मॉड्यूलला, म्हणजे पॅकेजच्या एका संचाला, स्वतःच्या घोषणेत लिहिता येते आणि त्या क्लासचे नाव चुकले तर कंपायलरच अडवतो. ही सोय मला इथल्या फारच थोड्या प्रोग्राममध्ये वापरलेली दिसली आहे.

क्लास न सापडणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार म्हटला पाहिजे. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j) या, प्रोग्रामच्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या तयार जावा लायब्ररीतील जी त्रुटी उघड झाली, तिच्यात नको तो क्लास सापडत होता. नोंदवहीत लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात कोणी विशिष्ट रचनेचा पत्ता घुसडला, तर ही लायब्ररी त्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी संपर्क साधत असे आणि परक्याने ठेवलेला क्लास आणून चालवला जाण्याची वाट मोकळी होत असे. तिची तीव्रता 10 पैकी 10 ठरवण्यात आली होती. बाहेरून आलेल्या मजकुरावरून कोणता क्लास आणायचा हे कधीही ठरवू नये, मान्य नावांची यादी प्रोग्रामपाशीच असावी, हा नियम त्या प्रकरणाच्या आधीही ठाऊक होताच.

यात इतरांना दोष देण्याआधी स्वतःचा सांगतो. मीही हा विषय वर्षानुवर्षे दोन गुणांच्या व्याख्येपुरताच शिकवला. गोव्यात आता शाळेपासून कोडिंग शिकवले जात आहे. निदान पदवीच्या प्रात्यक्षिकांत तरी एक तास असा असावा, की चालणाऱ्या प्रोग्राममधली एक क्लास फाइल मुद्दाम काढून घ्यावी आणि तो नेमका कधी व कुठे थांबतो हे मुलांना शोधायला लावावे. पतसंस्थांच्या संचालकांनीही नवी आवृत्ती स्वीकारताना नुसते पासबुक छापून न पाहता, खात्यांच्या प्रतीवर वार्षिक आकारणी चालवून दाखवण्याचा आग्रह पुरवठादाराकडे धरावा. आमच्या संस्थेची दुरुस्ती फाइलमधल्या एका ओळीची होती, परंतु ती ओळ सापडेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले होते.

आपला,
एक निवृत्त संगणक शिक्षक,
फोंडा, गोवा