टँकवरच्या सरांना, बाईंना आणि फिल्टरवरच्या मामांना

आदरणीय सर, बाई आणि मामा,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात पोहायला शिकायला जागांची कधी कमी नव्हती. पंचगंगेचा घाट आहे, मळ्यातल्या विहिरी आहेत, महापालिकेचे अंबाई आणि रमणमळ्याचे टँक आहेत. विहिरीवरची रीत सगळ्यांना ठाऊक: पाठीला काहीतरी बांधायचं, काठावरून ढकलायचं, चार गटांगळ्या खाल्ल्या की येतंच. त्या रीतीने पुष्कळ जण शिकले आणि पुष्कळ जण कायमचे पाण्याला बिचकले. उन्हाळी सुट्टीच्या बॅचमध्ये तुम्ही कोणालाही ढकललं नाहीत. तुमच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी काही जण आता स्वतः मुलांना शिकवतात, त्यामुळे तुमच्या एकेका सवयीमागचं कारण आज नेमकं सांगता येतं. हे पत्र उघडं लिहितोय ते यासाठी की, ज्यांची पोरं यंदा बॅचला जाणार आहेत त्यांनाही टँकवर काय बघावं ते कळेल.

सर, पहिले आभार श्वासाबद्दल. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही हातपाय मारूच दिले नाहीत. उथळ बाजूला छातीएवढ्या पाण्यात बार धरून उभं राहायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात घालून नाकाने 'हंऽऽ' करत सोडायचा, बुडबुडे थांबायच्या आत तोंड वर. एका दमात दहा वेळा, मग विश्रांती. आईबापांना वाटायचं, फी भरून पोरगं नुसतं बुडबुडे काढतंय. पण नवशिक्या पोराला पाण्यात गुदमरल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा हवा कमी पडून होत नाही. ते श्वास कोंडून धरतं, आत कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती ताठते, आणि मग ते मान वर काढतं. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, पाय खाली गेले की ते आणखी घाबरतं. पाण्यात सतत सोडायचा आणि वर आल्यावर फक्त घ्यायचा, ही सवय लागली की ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते. ज्यांना हे शिकवलेलं नसतं ते वर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात. तेवढा वेळ मिळत नाही आणि नाकातोंडात पाणी जातं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तरंगायला शिकवण्याआधी तुम्ही उभं राहायला शिकवलंत. पालथं तरंगणाऱ्या पोराला थेट पाय खाली टाकून उभं राहता येत नाही. पाय मागे असतात, ते धडपडतं आणि गुडघाभर पाण्यातही घाबरं होतं. तुमची रीत अशी होती: आधी गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही तळहात पाण्यावर ठेवून खाली दाबा, पाय सरळ सोडून तळाला टेकवा, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढा. डोकं आधी काढायची घाई केली की पाय पुन्हा मागे सरकतात. हे जमल्यावरच कासव: गुडघ्यांना मिठी, हनुवटी आत, पाठ आपोआप पाण्यावर. पाच आकडे मोजून उभं राहायचं. पाणी आपल्याला वर उचलतं हे पोराला सांगून पटत नाही, पाठीला वारा लागला की पटतं.

पायांच्या बाबतीत तुमची नजर घोट्यावर असायची. पोरं बारला धरून पाय मारताना सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडतात, फेस खूप काढतात आणि जागची हलत नाहीत. पाय मांडीच्या सांध्यातून हलला पाहिजे, गुडघा सैल, पंजा मागे ताणलेला, अंगठे एकमेकांना लागतील इतके आत. घोटा ताठ ठेवून पाय मारणारं पोरगं चक्क मागे जातं, हे तुम्ही फळी देऊन दाखवायचात. मग पंजा हातात धरून हलवायचात आणि म्हणायचात, "हे सैल सोड, मग बघ."

आता पाठीला बांधायच्या डब्याबद्दल. तेलाच्या पाच लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनबद्दल लोक नाक मुरडतात, हल्ली रंगीत बाह्या आणि जॅकेटं मिळतात. पण तुम्ही तो डबा ज्या विचाराने वापरलात तो आम्हाला अजून कुठल्या साधनात दिसला नाही. रिकामा पाच लिटरचा डबा साधारण पाच किलोंची उचल देतो. लहान मुलाला तेवढी लागतच नाही. अंग वर उचललं जातं, हात हवेत फिरतात आणि डब्याशिवाय पोहणं म्हणजे काय ते त्याला कळत नाही. म्हणून तुम्ही दर थोड्या दिवसांनी डब्यात पाणी भरायचात. एक लिटर पाणी घातलं की उचल चार किलोंवर, दोन घातलं की तीनवर. पोराला कळायचंही नाही. अर्ध्याच्या पुढे मात्र आतलं पाणी हिंदकळतं, अंग एका बाजूला कललं की पाणीही तिकडे धावतं आणि पोरगं उलटायला बघतं. म्हणून त्या टप्प्यावर तुम्ही दोन लिटरचा घट्ट बंद डबा द्यायचात. एक दिवस डबा पाठीवर असायचा पण पाण्याने काठोकाठ भरलेला, म्हणजे उचल जवळजवळ शून्य. टँकची रुंदी पार झाली की मग झाकण उघडून दाखवायचात.

डबा बांधायची जागाही पक्की: दोन्ही खवाट्यांच्या खाली, पाठीच्या मधोमध. मानेकडे सरकला की तोंड पाण्यात दाबलं जातं, कमरेकडे सरकला की ढुंगण वर आणि डोकं खाली. यातली दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण घाबरलेल्या पोराला मान वर काढताच येत नाही. नायलॉनची दोरी ओली झाली की सरकते आणि काखेत कापते, म्हणून नवारीची रुंद पट्टी. एक पट्टी काखेखालून छातीभोवती, दुसरी खांद्यांवरून, म्हणजे डबा खाली उतरत नाही. सुती पट्टी भिजली की गाठ आवळून बसते, त्यामुळे सुरगाठ, एका ओढीत सुटणारी, आणि ती पाठीमागे डब्याशेजारी, पोराच्या हाताला न लागेल अशी. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा. रोज बॅचच्या आधी प्रत्येक डबा दाबून बघायचा, हवा सुटली तर बाजूला. रांगेतली पोरं कुरकुरायची, तुम्ही एकही डबा न तपासता दिला नाहीत.

हाताच्या वळणाबद्दल फार लिहीत नाही, ते कोणीही शिकवतं. एकच: श्वास घेताना "वर नको, बाजूला बघ, एक कान पाण्यात राहू दे." चष्म्याची एक काच पाण्यात, एक बाहेर. एवढ्यावर फ्रीस्टाइल उभं राहतं.

खोल बाजूला जायची तुमची परीक्षा वेगाची नव्हती. काठावरून पाय खाली ठेवून उडी, वर येऊन दोन मिनिटं पाणी तुडवणं, म्हणजे हातपाय हलवत जागच्या जागी उभं तरंगणं, उताणं होऊन एक मिनिट निवांत, मग पोहत काठाला. ज्याला पंचवीस मीटर झपाट्याने जाता यायचं पण उताणं राहता यायचं नाही, त्याला तुम्ही दोरीच्या अलीकडेच ठेवायचात. दमल्यावर काय करायचं हे ज्याला येत नाही त्याला खोल पाणी नको, हा हिशेब बरोबर होता. कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, त्याचा अभिमान सगळ्या शहराला आहे. तुमची बॅच मात्र पदकासाठी नव्हती. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात तुम्ही पोरांना बजावत होतात की टँकमध्ये पोहता येणं आणि पुराच्या पाण्यात उतरणं यांचा काही संबंध नाही.

दोन गोष्टींना तुम्ही कधीच माफी दिली नाहीत. उथळ बाजूला सूर मारणं, कारण डोकं तळावर आपटलं की मानेचा मणका जातो. आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज. भराभर दहा-बारा मोठे श्वास घेऊन बुडी मारली की अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते, आणि तोवर ऑक्सिजन संपून पोहणारा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यांचाच यात जीव जातो. बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याचं तोंड श्वास घेण्यातच गुंतलेलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. वाचवायला आधी बांबू, ट्यूब, टॉवेल. स्वतः उडी सगळ्यात शेवटी. बाहेर काढल्यावर उलटं टांगून पोटातलं पाणी काढत बसायचं नाही. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, तीस दाबांना दोन श्वास.

मामा, तुमचं नाव प्रमाणपत्रावर कधी नसायचं. पण सरांची सगळी मेहनत तुमच्या पाण्यावर उभी होती. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर साठ सेंटिमीटर खोल टँक म्हणजे पाच लाख लिटर पाणी. त्यात क्लोरीन एक पीपीएमने, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमने, वाढवायचं तर पाचशे ग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीड किलो. पोतं उघडं राहून ती २५ टक्क्यांवर आली असेल तर दोन किलो. पावडर थेट टँकमध्ये टाकली की चुन्याचा थर तळावर बसतो आणि पाणी दुधाळ होतं. तुम्ही ती पिंपात कालवून निवळू द्यायचात आणि वरचं स्वच्छ पाणीच सोडायचात, तेही शेवटची बॅच बाहेर पडल्यावर, कारण उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. सकाळी पहिल्या बॅचच्या आधी ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन पिवळ्या रंगावरून दाखवणारी, नळी हातात. रंग लगेच बघायचा. थोड्या वेळाने गडद होत जाणारा पिवळा रंग हा वापरून झालेल्या क्लोरीनचा, त्यावर विसंबायचं नाही.

डोळे चुरचुरले की पालक म्हणायचे, क्लोरीन जास्त झालंय. खरं तर तो उग्र वास आणि चुरचुर येते ती क्लोरीन घामाशी, तेलाशी आणि लघवीशी मिसळल्यावर तयार होणाऱ्या क्लोरामाइनमुळे. म्हणून तुम्ही शॉवरशेजारी उभे राहून डोक्याला तेल लावलेल्या पोरांना साबण लावायला परत पाठवायचात. फिल्टरच्या गेजवर दाब नेहमीपेक्षा सात-आठ पीएसआयने (दाबाचं माप) चढला की बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं, त्याच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. गढूळ झालं की रात्री पंप बंद करून तुरटी, सकाळी तळाचा गाळ ओढून बाहेर. आणि खोल बाजूच्या तळाची काळी पट्टी काठावरून दिसत नसेल तर बॅच नाही, मग कोणीही कितीही चिडो. तळ दिसत नसेल तर तळाला गेलेलं पोरगंही दिसत नाही. त्या नियमाबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार.

बाई, महिलांच्या बॅचला तुम्ही पंजाबी ड्रेस बंद केलात तेव्हा पुष्कळ बोलणी खाल्लीत. सैल सुती कापड पाणी धरतं, हातापायात अडकतं, ओढणी तर गळ्याला आवळते. तुम्ही नुसतं 'नाही' म्हटलं नाहीत. लांब बाह्यांचा आणि पायघोळ लेगिंगचा घट्ट पोहण्याचा वेश कुठे शिवून मिळतो ते घरोघरी सांगितलंत, पाळीच्या दिवसांत मुलीने काय करायचं ते आयांना बाजूला घेऊन समजावलंत. त्यामुळे ज्या घरांतल्या मुली काठावर बसून भावाची चप्पल सांभाळायच्या, त्या पाण्यात उतरल्या. त्यांतल्या काही जणी आज मुलींना शिकवतात, आणि पहिले दोन-तीन दिवस बुडबुड्यांचेच असतात.

तुमचे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी,
उन्हाळी बॅच, कोल्हापूर