पेन्सिलीतले पंधरा खंड

ती. स्व. आजींस,
शि. सा. न. वि. वि.

मायन्यापाशीच पाच मिनिटं अडलो होतो. आमच्याकडे घरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहितात आणि त्यांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप. नियमाने तुम्ही दुसऱ्या रांगेत बसता. शिवाय तुम्हाला मी 'आजी' अशी हाक कधी मारलेलीच नाही. 'सेन्सेई', म्हणजे 'बाई', म्हटलं की तुम्ही नाकासमोर हात हलवायचात, "मी कसली सेन्सेई, मी बँकेतली जुनी कारकून!" म्हणून मग नुसतं आडनाव आणि पुढे 'सान', आपल्या 'जी'सारखं. मनात मात्र पहिल्या महिन्यापासून आजीच होतं. पत्र मराठीत आहे, तेव्हा मनातलंच चालू द्या.

मराठीतच का, तेही सांगतो. जपानीत तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी वीसेक वेळा तरी केला असेल. दर वेळी तोच हात, तेच "नाही नाही, मी काहीच केलं नाही", आणि पुढच्या वाक्याला हवामान. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. आणि चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही मला दिलेली ती जपानी चित्रपुस्तकं सध्या पुण्यात चारचौघांच्याच हातांतून फिरताहेत. त्यांतली पेन्सिलीची बारीक अक्षरं कुणाची, असं मला सारखं विचारतात.

२०१३ साली मी टोकियोला आलो तेव्हा खिशात पुण्यात मिळवलेलं जपानीच्या तिसऱ्या पातळीचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात भाषा येते असा भ्रम. घर शोधायला निघालो आणि भ्रम उतरला. तिथे डिपॉझिट वेगळं, त्यावर घरमालकाला कधीही परत न मिळणारी 'रेइकिन' नावाची दक्षिणा वेगळी, आणि वर जामीनदार हवा. तो शक्यतो जपानी. जामीनदार कुठून आणू, लातूरहून? शेवटी निशी-कासाईत एका शेअर हाउसमध्ये खोली मिळाली. सात खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, दोन संडास. फ्रिजमधल्या प्रत्येक दुधाच्या खोक्यावर नाव लिहिलेलं. भिंतीवर कचऱ्याचं वेळापत्रक: जळणारा या वारी, प्लास्टिक त्या वारी. सात जण एका छताखाली राहत होतो आणि एकमेकांशी बोलायचो ते त्या वेळापत्रकाखाली चिठ्ठ्या चिकटवून.

तुम्ही शिकवत होतात त्या शनिवारच्या फुकट जपानी वर्गात मी हे रडगाणं गायलो. तुम्ही एवढंच विचारलंत, "किती खोल्या?" मी म्हटलं, सात. पुढच्या शनिवारी तुम्ही तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलंत. 'मेझोन इक्कोकु', खंड पहिला.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजी, तुम्ही हा परिच्छेद गाळलात तरी चालेल. रुमिको ताकाहाशी या बाईंनी ही चित्रमालिका १९८० ते १९८७ या काळात 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या नियतकालिकात काढली. त्याच वर्षांत दुसऱ्या एका साप्ताहिकात त्यांची आणखी एक मालिका चालू होती, हे ऐकून मला आजही घाम फुटतो. गोष्ट एका पडक्या लाकडी भाड्याच्या घराची. छपरावर घड्याळाचा मनोरा, घड्याळ बंद. 'मेझोन' हा फ्रेंच शब्द, रुबाबासाठी लावलेला. 'इक्कोकु' म्हणजे एक क्षण. आपल्याकडे गळक्या चाळीला 'भुवन' म्हणतात, त्यातलाच प्रकार. पाच नंबरच्या खोलीत गोदाई नावाचा मुलगा, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला. अशा मुलाला जपानीत 'रोनिन' म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई. आमच्या लातुरात 'रिपीटर' म्हणतात, त्यात सामुराई वगैरे काही नसतं. मी स्वतः बारावीला रिपीटर होतो. त्यामुळे पहिल्या दहा पानांतच गोदाई माझा झाला.

तो कंटाळून घर सोडायला निघालेला असतो, आणि त्याच दिवशी नवी व्यवस्थापक दारात येऊन उभी राहते. क्योको. वय विशीचं, लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत विधवा झालेली. सासऱ्यांच्या मालकीचं घर, तेच तिला सांभाळायला दिलेलं. बरोबर एक पांढरा कुत्रा, त्याचं नाव नवऱ्याचंच. गोदाई बॅग ठेवतो आणि राहतो. पुढचे पंधरा खंड हेच.

आता अडचण. हे मोठ्यांच्या नियतकालिकातलं कॉमिक. मुलांच्या कॉमिक्समध्ये प्रत्येक कांजीच्या (चिनी लिपीतून आलेल्या अक्षराच्या) बाजूला उच्चाराची बारीक ओळ असते, तशी यात नसते. रोजच्या वापरातल्या कांजींचीच सरकारी यादी २१३६ अक्षरांची, आणि मला जेमतेम सहाशे येत होती. मी पान उघडलं, आता शब्दकोशात मरायचं म्हणून, आणि पाहतो तर प्रत्येक कांजीपाशी पेन्सिलीने, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, उच्चार लिहिलेला. प्रत्येक फुग्यात, दोनशे पानं. तुमच्याकडे पुस्तकावर कव्हर घातल्याशिवाय लोक ते ट्रेनमध्ये उघडत नाहीत, तिथे तुम्ही आत लिहिलं होतंत.

मी म्हटलं, "एवढं का केलंत?" तुम्ही म्हणालात, "पेन्सिल आहे, खोडता येते." आणि हवामान.

तुमच्या त्या अक्षरांनी मला काय दिलं याचा हिशोब सरळ नाही. सगळ्यात आधी फजिती दिली. चार नंबरच्या खोलीतला योत्सुया आठवा. भिंतीला भोक पाडून गोदाईच्या खोलीत घुसतो, त्याचं जेवण चापतो आणि हे सगळं अत्यंत अदबीच्या भाषेत. मला ती भाषा फार आवडली. दोन महिने ऑफिसात मी तशीच बोलत होतो. एकदा साहेबांसमोर बिस्किटांचा पुडा उचलताना असं काही तुपातलं वाक्य टाकलं की त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस, तोवर माझ्याशी फक्त कामाचं बोलणारा, खुर्ची ओढून बसला. कॉलेजच्या वसतिगृहात एकच अंक आठ जणांत कसा फिरायचा, कोण आधी वाचणार यावरून कशा मारामाऱ्या व्हायच्या, हे अर्धा तास सांगत राहिला. "गोदाईला नोकरी लागत नव्हती, तेव्हा मलाही लागत नव्हती," असं म्हणाला आणि पुन्हा चष्मा लावला.

तेव्हा मला तुमच्या पिढीचं त्या पुस्तकावरचं प्रेम थोडं कळलं. मालिकेत ऋतू खऱ्या कॅलेंडरबरोबर चालत होते. बाहेर साकुरा (चेरीचा बहर) तर आतही साकुरा. गोदाई कॉलेजात गेला, पास झाला, बेकार राहिला, पाळणाघरात मुलं सांभाळू लागला, तशी वाचणारीही वयाने वाढत होती. मी पंधरा खंड आठ महिन्यांत संपवले. तुम्ही लोकांनी त्याला जवळजवळ सात वर्षं दिली.

तुमच्या घरी तर त्यावरून दोन पक्ष होते! काका, म्हणजे तुमचे यजमान, स्टेशनवर अंक विकत घ्यायचे, ट्रेनमध्ये वाचायचे, आणि घरी आल्यावर तो तुमचा. काका गोदाईच्या बाजूचे. तुम्ही मिताकाच्या. देखणा, पैसेवाला, टेनिस शिकवणारा मिताका, क्योकोचा दुसरा उमेदवार. तुम्ही मला एकदा गंभीरपणे म्हणालात की क्योकोने व्यवहार पाहायला हवा होता. हे बोलताना तुम्ही माझ्या चहात साखर टाकत होतात, मी नको म्हणत असतानाही.

आडनावांची गंमतही तुम्हीच उलगडून दाखवलीत. इचिनोसेत एक, योत्सुयात चार, गोदाईत पाच, रोप्पोंगीत सहा. ज्याची जी खोली तो त्याचा आकडा. आणि क्योकोच्या ओतोनाशी या आडनावात 'नाही' हे अक्षर, म्हणजे शून्य. मी आनंदाने टेबल बडवलं, शेजारच्या व्हिएतनामी मुलीची वही खाली पडली.

मग आपण हिगाशी-कुरुमेला गेलो तो रविवार. अ‍ॅनिमेतलं (म्हणजे या गोष्टीवरच्या कार्टून-मालिकेतलं) स्टेशन तिथल्या स्टेशनावरून घेतलेलं, म्हणून मी हट्ट धरला. इकेबुकुरोला गाडी बदलताना तुम्ही बजावलंत, "बघण्यासारखं काही नाही हं." खरंच नव्हतं. नवं स्टेशन, दुकानं, सायकलींच्या रांगा. त्या काळातली लाकडी भाड्याची घरं बहुतेक पाडून झालेली, न्हाणीघर नसल्याने भाडेकरू ज्या सार्वजनिक स्नानगृहात जायचे तीही कमी झालेली. पण रस्त्याच्या कडेला एक सूटवाले गृहस्थ रिकाम्या उताराचा फोटो काढत होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, त्यांनी तुमच्याकडे. दोघांनी मान लववली. एक शब्द नाही. परत येताना तुम्ही म्हणालात की आताच्या मुलांना ती गोष्ट पटणार नाही, कारण अख्ख्या घरात एकच फोन, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत सारख्या नावांच्या दोन वेगळ्या कॉफीघरांत बसून राहतात. "आता मेसेज केला असता, गोष्ट चार खंडांत संपली असती." जरा थांबून, "आम्हीही एकदा असे बसलो होतो." कुठे, कधी, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. त्या वर्षीच्या नववर्षाच्या सुट्टीत आमच्या शेअर हाउसमध्ये पाच जण अडकून पडले होते, घरी जायला पैसे नसलेले. नवव्या खंडापर्यंत वाचून माझ्या डोक्यात खूळ शिरलं होतं की एकाच्या खोलीत सगळ्यांनी दंगा केल्याशिवाय ते घर नव्हे. निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून पोहे आणले, किलोभर केले आणि दारं ठोठावली. कोरियन मुलाने फोडणीच्या मिरच्या वेचून खाल्ल्या. आओमोरीचा तो अबोल माणूस, ज्याच्याशी माझा संबंध फक्त प्लास्टिकच्या कचऱ्यावरून होता, त्याने खोलीतून गिटार आणली. वाजवता येत नव्हती. त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या असं नाही, पण त्यांवर चित्रं यायला लागली.

आता पेन्सिलीचं. पहिल्या तीन खंडांत प्रत्येक कांजीला उच्चार होता. चौथ्यापासून एका खंडात एका शब्दाला एकदाच. नवव्यापासून फक्त अवघड. मी कुरकुर केली तर तुम्ही म्हणालात, "हात दुखतो." मी ते खरं मानलं, बावळट! पंधराव्यात काहीच नव्हतं. शेवटाकडे गोदाई एकटा क्योकोच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी जातो आणि त्याला सांगतो की तुझ्यासकट मी तिला घेऊन जातो. ते पान मी दोनदा वाचलं आणि मग लक्षात आलं की शब्दकोश खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलाय. पुस्तक दिव्याखाली तिरकं धरलं, तेव्हा कागदावर दाबलेल्या खुणा दिसल्या. प्रत्येक कांजीपाशी. तुम्ही तो खंडही अख्खा लिहिला होतात आणि मला देण्याआधी अख्खा खोडला होतात.

त्याच खंडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईने १९८७ आणि एका स्टेशनाचं नाव होतं. अक्षर तुमचं नव्हतं. ती पुस्तकं काकांची होती, आणि तोवर तुम्ही मला ते सांगितलं नव्हतंत.

मी पुण्याला परतलो तेव्हा तुम्ही पूर्ण संच माझ्या बॅगेत कोंबलात, वजन जास्त झालं तर स्वेटर काढ म्हणालात. स्वेटर काढला. २०१९ मध्ये ताकाहाशीबाईंना फ्रान्समध्ये अंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवाचा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं, त्यावर फक्त "जिंकलो!" असं लिहिलेलं. त्यातलं एकही अक्षर मला शोधावं लागलं नाही.

संचाची आजची स्थिती अशी. जपानी शिकणारी सहा-सात मुलं तो वाचताहेत. नियम दोन: पेनने लिहायचं नाही आणि पेन्सिलीचं खोडायचं नाही. पहिला नियम तिसऱ्या खंडात मोडला गेला, कुणीतरी बॉलपेनने 'म्हणजे घरभाडं' असं लिहून ठेवलंय, त्याबद्दल क्षमा. सातवा खंड घेऊन एक मुलगी नागोयाला नोकरीला गेली, दिवाळीत आणते म्हणते. अकराव्यावर चहाचा डाग आहे, तो माझाच. पंधरावा मी कुणाला दिलेला नाही. बाकीचे चौदा वाचून झाले की घरी येऊन, माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली वाचायचा, असं सांगितलंय.

काकांना नमस्कार. मोठ्यांना सा. न., लहानांना आशीर्वाद.

आपला,
खोली क्रमांक ३

ता. क. मिताका कुत्र्याला घाबरायचा, आणि क्योकोच्या घरी कुत्रा होता. व्यवहार पाहायचा तर तोही धरा. मी काकांच्याच पक्षात.