लीड्सच्या त्या सामन्यातले प्रिंगल

महोदय,

१९७५च्या विश्वचषकाचा विषय निघाला की आपल्याकडे लॉर्ड्सवरच्या गावसकरांच्या नाबाद ३६ धावांचीच चर्चा होते. चारच दिवसांनी, ११ जूनला लीड्सला भारताने पूर्व आफ्रिकेला दहा गडी राखून हरवले. एकदिवसीय क्रिकेटमधला आपला हा पहिला विजय. गावसकर नाबाद ६५, फारुख इंजिनियर नाबाद ५४. बेदींची १२ षटके, त्यातली ८ निर्धाव आणि धावा फक्त ६!

पण समोर कोण होते? केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांबिया मिळून झालेल्या त्या संघात बहुतेक नावे शहा, मेहता, सेठी, अली अशी आपल्याच वळणाची. त्यांच्यात डॉन प्रिंगल हे लँकेशायरमध्ये जन्मलेले, नैरोबीत स्थायिक झालेले गोलंदाज. वय त्रेचाळीस! प्रथम श्रेणीचे सामने बोटांवर मोजण्याइतके, एकदिवसीय दोनच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नैरोबीत रस्ते अपघातात ते गेले.

मुलगा डेरेक तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. १९८२मध्ये तो लॉर्ड्सवर इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला, तीही भारताविरुद्ध. आपले कर्णधार होते गावसकरच. बाप आणि लेक दोघेही त्यांना प्रतिस्पर्धी म्हणून भेटले, हे मला परवा जुने धावफलक चाळताना लक्षात आले. पुढे १९९२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डेरेकने २२ धावांत ३ बळी घेतले. ते पाहायला डॉन नव्हते.

— एक वाचक, ठाणे