तलावपाळीवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी मुलांसाठी ‘पहिली आगगाडी’ हा खजिनाशोध ठेवला होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीची तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान, चिठ्ठ्यांवरून शोधायची. मासुंदा तलावाच्या कठड्यावरची सुलतानची चिठ्ठी वाऱ्याने पाण्यात गेली आणि धाकटी मुलं रडवेली झाली. कौपिनेश्वराबाहेरच्या गजरेवाल्या मावशी, तुम्ही ती काठीने ओढून काढलीत, पदराने टिपलीत, शाई पसरलेली अक्षरं मुलांसोबत एकेक करून लावलीत. ऐन धंद्याची वेळ होती तुमची! रिक्षा आडवी लावून मुलांना रस्ता ओलांडून देणारे दादा, तुमचं नाव विचारायचंच राहिलं. आणि त्या गाडीचे १४ डबे बोटांवर मोजून दाखवणारे आजोबा, मुलं अजून तुमच्यासारखी शिट्टी वाजवतायत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.