गोदाम उघडून देणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,

सलाम आणि नमस्कार.

"नाव कुठं छापू नका मॅडम, धंदा आहे आपला," असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात. आणि जुन्या नाशकात ज्यांनी कधी मांडव घातला, गणपती बसवला, उरूस केला, घरचं लग्न काढलं, ते दोन ओळींतच ओळखतील की हे पत्र कुणाला आहे.

21 सप्टेंबरची सर्वधर्मीय शांतता प्रार्थना आम्ही गंगेवर करायची ठरवली होती. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) संयुक्त राष्ट्रांनी 1981 साली जागतिक शांतता दिन सुरू केला आणि 2001 साली त्यासाठी 21 सप्टेंबर ही तारीख कायमची ठरवून दिली. त्या दिवसाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला त्यांच्या मुख्यालयात एक घंटा वाजवतात. जपानने 1954 साली दिलेली ती घंटा साठ देशांतून गोळा केलेली नाणी वितळवून ओतलेली आहे. हे वाचलं तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे आपली नारोशंकराची घंटा आली. वसईच्या लढाईनंतर मराठ्यांनी आणलेली ती पोर्तुगीजांची घंटा, आज महादेवाच्या देवळावर आहे. ती मैत्रीने आलेली नाही, लढाईत जिंकून आणलेली आहे, हे मी विसरत नाही. म्हणूनच मला वाटलं, शांतता मागायची तर तिच्यासमोर बसून मागावी. जवळच रामकुंड, जिथे गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. याहून चांगली जागा नाशकात कुठली?

पण गंगेला विचारायचं राहिलं. दोन दिवस आधी गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे पाय बुडाले, मग गुडघे. घाटावरच्या टपऱ्या उचलल्या गेल्या. पर्याय म्हणून एका सभागृहाचे पैसे आम्ही भरून ठेवले होते. त्यांनी आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं, "सर्वधर्म वगैरे आहे, उगाच वाद नको, तुम्ही दुसरीकडे बघा." पैसे परत आले. त्या वाक्याचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी तुम्हाला फोन केला तो माइक रद्द करायला. तुम्ही विचारलंत, "का?" मी सगळं सांगितलं. तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "नवरात्रीचा माल मंडळांकडे गेला. गोदाम अर्धं खाली आहे. तिथं या."

बस्स, एवढंच बोललात. नवरात्र तोंडावर, तुमची पोरं रात्रंदिवस मांडव बांधतायत, आणि तुम्ही वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्यात दुपार रिकामी करून दिलीत. आम्ही आलो तेव्हा जमीन झाडून, वर सतरंज्या टाकून तयार होत्या. भिंतीला बांबू लावलेले, ताडपत्रीच्या घड्या, कनातींचे गठ्ठे, सुतळीची भेंडोळी. गठ्ठ्यांवर खडूने लिहिलेलं होतं: जयंती, उरूस, चर्च, गणपती, लग्न मोठं, लग्न साधं. भंतेजी "जयंती"च्या गठ्ठ्याला टेकून बसले आणि शरणपूरची मुलं "लग्न मोठं"वर चढून बसली, तुम्ही कुणाला हटकलं नाहीत.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या कार्यक्रमासाठी आमच्या तीन बैठका झाल्या, आणि तिन्ही बैठका आधी कोण आणि नंतर कोण यातच गेल्या. शिवाय एकच सामाईक प्रार्थना करायची की प्रत्येकाने आपापली, यावरही घोळ. फादरांनी तेव्हा असिसीची गोष्ट सांगितली. 27 ऑक्टोबर 1986 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरातल्या धर्मांच्या लोकांना इटलीतल्या असिसीला बोलावलं होतं, दलाई लामाही होते. त्या दिवशी सगळ्यांनी उपवास केला. गावातल्या वेगवेगळ्या जागी प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली, मग सगळे चालत संत फ्रान्सिसच्या चर्चपुढच्या चौकात आले आणि तिथे एकेकाची प्रार्थना बाकीच्यांनी शांतपणे ऐकली. जिथे जिथे युद्ध चालू होतं तिथे निदान त्या दिवसापुरती शस्त्रं खाली ठेवा, असं आवाहनही केलेलं होतं. कुणी कुणाची प्रार्थना उसनी घेतली नाही. आम्हाला ते पटलं. पण "आधी कोण" हे कोडं काही सुटलं नाही.

ते तुम्ही दोन मिनिटांत सोडवलंत. "महासतीजींना दिवस मावळायच्या आत स्थानकात पोचायचंय, त्या पहिल्या. मौलानासाहेबांची असरची वेळ होईल, ते दुसरे. लहान पोरं कंटाळतील, ती तिसरी. बाकीच्यांना काय घाई आहे?" (महासतीजी म्हणजे जैन साध्वी, स्थानक म्हणजे त्यांचं मुक्कामाचं ठिकाण, आणि असर म्हणजे दुपारनंतरची नमाज.) खरोखर कुणालाच घाई नव्हती.

मग तुम्ही माइक लावायला घेतलेत आणि मी बघत उभी राहिले. कुणी काही सांगायच्या आधीच तुम्हाला सगळं ठाऊक. भंतेजी हळू बोलतात, त्यांना माइक ओठांजवळ. हभप महाराज वर चढले की आवाज फाटतो, त्यांना हातभर लांब. गुरुद्वाऱ्याच्या तबल्याला एक माइक खालून. मुलांना दोन स्टँड, कमरेइतके खाली. पारशी आजींसाठी खुर्ची आणि हातातला माइक, कारण त्या मान वर करू शकत नाहीत. मी जन्मभर मराठी शिकवली, वेगवेगळ्या जातीधर्माच्या मुलांना शिकवली, आणि तरी त्या दिवशी जमलेल्या माणसांपैकी निम्म्यांची प्रार्थना मी कधीच ऐकलेली नव्हती. तुम्ही पस्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून सगळ्यांच्या ऐकत आला आहात.

आणि मग ते झालं, ज्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहिते आहे.

महासतीजी आल्या, दोघी, पावसाची एक सर सरल्यावर, चालत. मी निवेदनाचा कागद घेऊन माइककडे निघाले आणि तुम्ही हाताने मला थांबवलंत. त्या माइकवर बोलत नाहीत हे मला माहीत नव्हतं. विजेच्या वापरात सूक्ष्म जीवांची हिंसा होते असं मानून अनेक स्थानकवासी जैन साधू-साध्वी माइक, दिवा, पंखा काहीच वापरत नाहीत. तुम्ही त्यांच्या चातुर्मासाचे मांडव घातलेले, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही भिंतीपाशी गेलात आणि मेन स्विच खाली ओढलात.

पंखे फिरत फिरत थांबले. अँप्लिफायरची ती बारीक घरघर, जी चालू असताना कानाला जाणवतही नाही, ती गेली. दारातून येईल तेवढाच उजेड. बाहेर पन्हाळीचं पाणी ठिबकत होतं. दीडशे माणसं, आणि चपलांचासुद्धा आवाज नाही. तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआडून महासतीजींचा आवाज आला, पातळ पण स्वच्छ. सगळ्या जीवांची मी क्षमा मागते, सगळ्या जीवांशी माझी मैत्री आहे, माझं कुणाशी वैर नाही. अर्धमागधीतला "सव्व" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

त्या झाल्या, निघाल्या. तुम्ही पुन्हा स्विचकडे वळलात. तेव्हा मौलानासाहेब म्हणाले, "राहू द्या, असंच बरं आहे." त्यांनी फातिहा पठण केलं, मग उर्दूत दुआ मागितली, सगळ्या दुनियेसाठी. मग मुलं गायली, पेटीवर. फादरांनी निर्वासितांसाठी प्रार्थना केली, गाझाचं नाव घेतलं, युक्रेनचं घेतलं. ज्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला होता, तिथल्या मुलांपुढे ती प्रार्थना ऐकताना मला माझ्या शहराचा अभिमान वाटला. भंतेजी "सब्बे सत्ता" म्हणाले. ग्रंथीजींची अरदास "सरबत दा भला" वर आली. आजींनी अशेम वोहू म्हटलं, इतक्या हळू की शेवटच्या रांगेतली माणसं उठून पुढे येऊन उभी राहिली. शेवटी महाराजांनी पसायदान घेतलं, ज्ञानोबांचं, ज्यांचे थोरले भाऊ आणि गुरू इथून जवळच त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत. "सर्वसुखी" हा शब्द आला तेव्हा मी मराठीची मास्तरीण एकदम दचकले. सव्व, सब्बे, सरबत, सर्व. एकाच शब्दाची ही पोरं, चार घरांत वाढलेली. हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितला असेन, पण असा कधी ऐकला नव्हता.

आता दादाबद्दल. माझा थोरला भाऊ तोफखान्यात होता. देवळालीच्या सरावाच्या तोफा आमच्या घरी ऐकू येतात, खिडकीच्या काचा हलतात, पण दादाला त्या आता ऐकू येत नाहीत. नोकरीत कान गेले. शांततेच्या प्रार्थनेला येणारच असा त्याचा हट्ट होता. "मी तोफा चालवल्यात, मला जास्त कळतं," म्हणाला. स्पीकरजवळ बसवलं तर थोडंफार समजेल म्हणून मी त्याला तिथे बसवला होता. वीज गेली तशी माझ्या पोटात कालवलं. सगळ्यांना आवडलेली ही शांतता, दादाला काय उपयोगाची?

तुम्हाला मी काहीच सांगितलं नव्हतं, चाचा. तुम्ही त्याच्या कानातलं यंत्र बघितलं असणार. मौलानासाहेब उभे राहिले तसे तुम्ही दादाची खुर्ची, दादासकट, तुमच्या मुलाच्या मदतीने उचललीत आणि त्यांच्या पुढ्यात दोन हातांवर नेऊन ठेवलीत. मुलं गाताना पेटीला लागून. मग भंतेजींपाशी. मग ग्रंथीजींपाशी. प्रत्येक वेळी स्वतः. मधे एकदा बांबूंच्या आड जाऊन तुम्ही नमाज पढून आलात आणि लगेच पुन्हा खुर्चीला हात लावलात. पारशी आजींनी तर दादाचा हात धरून त्याच्या कानाशीच म्हटलं.

घरी आल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "किती वर्षांनी कुणाच्या ओठांकडे न बघता ऐकलं." आणि मग विचारलं, "तो खुर्ची उचलणारा कोण गं?"

तुमचं बिल मिळालं. त्यात माइकचे पैसे नाहीत, "लावला पण वाजला नाही" असं लिहिलंय. गोदामाचे नाहीत, सतरंज्यांचे नाहीत. फक्त चहाचे आहेत, आणि तेही मला कमीच वाटतात, कारण आलं घातलेला तो चहा मी स्वतः दोनदा घेतला.

दादाला रिक्षात बसवायच्या गडबडीत तुमची एक निळी खुर्ची आमच्याबरोबर आली आहे. मी रिक्षाने पाठवून देते म्हटलं, तर दादा ऐकत नाही. सोमवारी तो स्वतः घेऊन येणार आहे. जरा मोठ्याने बोला त्याच्याशी, उजव्या बाजूने.

तुमची,
नाशिकरोडच्या मॅडम